ग्रहणातला पेरू

झोपायचं नाही असं बजावून आत्या दार ओढून घेतात, आणि नेमके तेव्हापासूनच माझे डोळे मिटायला लागतात. नववा महिना लागलेल्या बाईला भर दुपारी अंधाऱ्या खोलीत बसवायचं आणि वर झोपू नको म्हणायचं, म्हणजे कमालच आहे. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. बाहेर सूर्यग्रहण लागलंय आणि खिडकीवर त्यांनी घोंगडी टांगलीय. पोटुशीनं ग्रहण पाळायचं, म्हणजे चिरायचं नाही, शिवायचं नाही, खायचं-प्यायचं नाही, खाज सुटली तरी खाजवायचं नाही. मी शाळेत सहावीच्या पोरांना चेंडू आणि बॅटरी घेऊन ग्रहण शिकवते. तीच मी इथं पाय सरळ करून पुतळ्यासारखी बसलेय. संग्राम, माझा नवरा, सकाळी म्हणाला की थोड्या वेळाचा तर प्रश्न आहे, आईचं मन राख. राखलं.

पण सकाळपासून बाळ हललेलं नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. हालचाल कमी वाटली तर वाट बघू नका, लगेच या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. जायचं तर दार उघडायला हवं. दार उघडलं आणि बाळाला काही झालं, तर ग्रहणात बाहेर पडली म्हणून झालं, हे जन्मभर ऐकायचं. नाही उघडलं आणि काही झालं, तर... तो विचार मी पुरा करत नाही. मला भीती वाटतेय. दाराशी दवाखान्याची बॅग भरून तयार आहे, धुतलेली दुपटी आणि टोपडी वरच ठेवलीयत. मी त्या बॅगेकडे बघत राहते. बॅग हळूहळू पुसट होते.

"पाय दुमडू नको," आई म्हणते.

माझी आई. ती खाली जमिनीवर बसलीय, पाठ ताठ, हात मांडीवर. दोन वर्षांपूर्वी गेली तेव्हा पार वाळली होती. आता तिचं पोट पुढं आलंय, माझ्याएवढंच. मला त्याचं काही नवल वाटत नाही.

"तू कधी आलीस?"

"मी इथंच आहे. सुटलं का गं ग्रहण? कुणी सांगायलाच आलं नाही."

भिंत आता हिरव्या ऑइलपेंटची आहे. ही आमची एसटी कॉलनीतली खोली, आणि हे सुहासच्या वेळचं ग्रहण. सुहास माझा धाकटा भाऊ. जन्मला तेव्हा त्याचा ओठ फाटलेला होता. आईनं ग्रहण अगदी काटेकोर पाळलं होतं, तरी आजी म्हणाली, हिनं काहीतरी चिरलं असणार. मग सगळेच म्हणाले. सुहासचं ऑपरेशन झालं, व्रण मिशीखाली गेला, तो स्वतः विसरूनही गेला. आईची मात्र त्यातून सुटका झाली नाही.

मी उठून दार उघडते. दाराबाहेर एसटी आहे आणि आम्ही तिच्यात बसलोय. आईच्या पदराखाली तान्हा सुहास आहे, आम्ही त्याला मिरजेला ऑपरेशनला नेतोय. पुढची बाई वळून विचारते, ग्रहणात काय चिरलं होतं? कंडक्टर तिकीट फाडताना तेच विचारतो. ड्रायव्हर आरशातून बघतो. आई एकेकाला सांगते की काही नाही हो, पाणीसुद्धा प्याले नव्हते. मी घंटीची दोरी ओढते, ती नुसतीच हातात येते. दरवाजाच्या जागी बाकडी आहेत. गाडी थांबत नाही.

"आई, उतरू या."

"ग्रहण सुटल्याशिवाय कशी उतरू?"

"अगं, बाळाचे ओठ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच जुळून येतात. तू ग्रहणाला बसलीस तेव्हा तुझे दिवस भरत आले होते. त्याचा ओठ केव्हाच ठरून गेलेला होता."

आई माझ्याकडे बघत राहते. तिच्या चेहऱ्यावर राग येतो. आयुष्यात तिला एवढं रागावलेलं मी पाहिलेलं नाही.

"हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही," ती म्हणते.

आम्ही पुन्हा खोलीत आहोत. कोपऱ्यातल्या टोपलीत पेरू आहे. आई सांगते, त्या दिवशी मला पेरू खावासा वाटत होता, जीव नुसता कासावीस झाला होता, आणि मी वास घेत बसले. बोलता बोलता ती विळी पुढं ओढते आणि पेरू चिरते. ग्रहणात, माझ्यादेखत, चांगल्या चार फोडी करते. तिखट-मीठ लावून एक माझ्या हातात देते.

"मेघे, बाळ हलतंय का?"

"नाही."

"मग ऊठ."

"लोक म्हणतील..."

"मी बसले होते. मला म्हणायचे राहिले का?"

मी फोड तोंडात टाकते. जिभेला तिखट झोंबतं.

डोळे उघडतात. समोर घोंगडी, दार, बॅग. घसा कोरडा पडलाय. दाढेत काहीतरी कडक अडकलंय. जिभेनं ढकलून ते बोटावर काढते, तर पेरूची बी. पहाटेपासून माझ्या पोटात काही नाही, आणि या आठवड्यात घरात पेरू आलेला नाही.

मी बी मुठीत धरते आणि दार उघडते.

आत्या जप करत बसल्यात. अजून सुटलं नाही, असं त्या म्हणतात, तेवढ्यात मी सांगून टाकते की बाळ सकाळपासून हललेलं नाही. त्यांच्या हातातली माळ थांबते. मला वाटलं होतं त्या ओरडतील.

"सकाळपासून? अगं, मग बोलली का नाहीस?"

संग्राम किल्ल्या शोधायला धावतो. मी माठातलं पाणी घेते, उभ्यानंच, घटाघटा. दुसऱ्या पेल्याला पोटात, बरगडीच्या खाली, एक लाथ बसते. चांगली सणसणीत. मी ओटा धरून रडायला लागते. आत्या हात लावून बघतात, त्यांनाही लागते, तरी त्या म्हणतात की दवाखान्यात जायचंच. त्या स्वतः आत जाऊन बॅग घेऊन येतात आणि जाता जाता खोलीचं दार ओढायला लागतात.

"उघडंच राहू द्या, आत्या," मी म्हणते. "माझी आई निघायचीय अजून."