दोन फायली आणि सहा ओळी

छापखान्यात तिला सगळे चाळणीबाई म्हणत. तिच्या नजरेतून एक खडा सुटेल तर शपथ! चाळीस वर्षं नवरा-बायकोनं एकच काम केलं. त्यानं मूळ लिखाण मोठ्यानं वाचायचं, अगदी स्वल्पविरामासकट, आणि हिनं छापील पानावर बोट फिरवत चुका पकडायच्या. काय दिवस होते ते! घसा त्याचा बसायचा, गुळण्यांचं पाणी ही तापवायची.

ती गुडघ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात होती, तेव्हा तो घरी खुर्चीत बसल्याबसल्या गेला. त्याला दोन महिने झाले. आज मुलीनं त्याचा कॉम्प्युटर उघडला, तर मधमाशीपालनाच्या पुस्तकाची, त्यानं मोठ्यानं वाचण्यासाठी तयार केलेली फाइल निघाली. त्यात लिहिलं होतं, राणीमाशीला भरघोस मिशा असतात.

"आई, बाबांचं डोकं शेवटी ठिकाणावर नव्हतं गं," मुलगी हळूच म्हणाली.

बाई स्वतःलाच बोल लावू लागली. माणसाला भ्रम झाला आणि आपण तिकडे पाय पसरून पडलो होतो! जन्मभर लोकांच्या चुका काढल्या, घरातलं एवढं दिसलं नाही. जळो ती नजर!

"लेखकाची मूळ फाइल आहे. दोन्ही ताडून बघू, किती बिघडलंय ते तरी कळेल." मुलीनं पडद्यावरच्या काळ्या खिडकीत 'डिफ' ही आज्ञा लिहिली, पुढे दोन्ही फायलींची नावं.

"आणि वाचणार कोण?"

"कुणीच नाही. सारख्या ओळी ते दाखवतच नाही, फरक तेवढा दाखवतं."

दीडशे पानांतून क्षणात सहा ओळी निघाल्या. बाईला रागच आला. आम्हाला आठवडा लागायचा, मेल्या!

मग ती वाचायला लागली. मधमाशी दुपारी वामकुक्षी घेते. मध काढण्यापूर्वी माश्यांची लेखी परवानगी घ्यावी. आणि बाई जी हसत सुटली, ती थांबेचना.

"अगं वेडे, भ्रम कसला! जेवणानंतर मला डुलकी लागायची, म्हणून वाचताना प्रत्येक प्रकरणात एक थाप मुद्दाम घालायचे. पकडली तर चहा त्यांनी करायचा, सुटली तर मी. तू शाळेत असायचीस तेव्हा. मी घरी येणार म्हणून तयारी करून ठेवली होती गं त्यांनी!" हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले.

मुलगी पडद्याकडे बघत होती. "पण आई, प्रकरणं तर सात आहेत."

बाईनं ओळी बोटानं मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"सातव्यापर्यंत पोचले नाहीत," ती म्हणाली.