तिचं मी कसं सांगू

तळहातांवर तांबडे चट्टे उठले तेव्हा मी सगळा दोष फवारणीला दिला. आमच्याकडे अंगावर काहीही उठलं की लोक आधी औषधाचंच नाव घेतात, आणि त्या आठवड्यात मी वांग्यावर दोनदा पंप मारला होता, तोही हातमोजे न घालता. खाज नव्हती, दुखत नव्हतं. खोबरेल तेल चोळलं, मेडिकलवाल्याकडून मलम आणलं. दहा दिवसांनी चट्टे तळपायांवरही दिसले तेव्हा मात्र घाबरलो. फवारताना माझ्या पायांत गमबूट असतात.

कारंज्याच्या डॉक्टरांनी माझे हात उलटेसुलटे करून पाहिले, कंपाउंडरला बाहेर पाठवलं आणि विचारलं, "मधातल्या दिवसांत लघवीच्या जागी एखादी जखम झालती का? न दुखणारी?"

झाली होती. दोन महिन्यांपूर्वी. आपोआप भरून आली म्हणून मी ती विसरलो होतो, म्हणजे विसरायचं असं ठरवलं होतं. संत्र्यांची गाडी घेऊन मी दुसऱ्या राज्यात गेलो होतो. माल उतरायला तीन दिवस लागले आणि त्यातल्या एका संध्याकाळी मी जिथे जायला नको तिथे गेलो. कुणी ओढून नेलं नव्हतं. सोबत्यांचं नाव पुढे करायची सोय आहे, पण मी स्वतःच्या पायांनी गेलो.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोन तपासण्या लिहिल्या, एक गरमीची, म्हणजे सिफिलिसची, आणि एक एचआयव्हीची. "अठी सरकारी दवाखान्यात फुकट होते," म्हणाले. पण तिथली नर्स माझ्या बायकोच्या माहेरची, नात्यानं माझी साळी लागते. तिच्यासमोर बाही वर करणं मला जमणारच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी वर्ध्याची एसटी धरली.

वर्ध्याचं तपासणी केंद्र एका संस्थेनं चालवलेलं. दोन खोल्या, बाहेर एक लाकडी बाक, आतल्या खोलीला प्लायवूडचा आडपडदा, तोही छतापर्यंत न पोचलेला. मी दोनदा त्या दारावरून पुढे निघून गेलो. समोरच्या टपरीवर चहा घेतला, परत घेतला. शेवटी आपण काही दरोडा घालायला आलेलो नाही असं स्वतःला दरडावलं आणि आत शिरलो.

आत समुपदेशनाचं काम करणाऱ्या एक ताई होत्या, माझ्या मोठ्या बहिणीच्या वयाच्या. त्यांनी कागदावर नावाच्या जागी नंबर घातला आणि इथलं बोलणं इथंच राहतं असं सांगितलं. मग विचारलं, "भाऊ, बायकोशिवाय दुसऱ्या कुणाशी संबंध आला होता का? मी सगळ्यांनाच विचारते."

"नाई," मी म्हणालो. "आपण तसले नाई."

त्यांनी मान हलवली. "आणि पत्नीचं काही?"

इथे मी 'नाही' म्हणायला हवं होतं. तोंडात आलंही होतं. पण माझं 'नाही' आणि तिचंही 'नाही' म्हटलं, तर मग हा आजार आला कुठून, हा प्रश्न उरत होता. ते गणित माझ्या डोक्यात पापणी लवायच्या आत झालं.

"तिचं मी कसं सांगू, ताई?" मी म्हणालो. "मी दिवसभर वावरात असतो."

ताईंनी वर पाहिलं नाही. पेन हलत राहिलं. लग्नाला अकरा वर्षं झालेली, कोथिंबिरीच्या जुड्या बांधून बांधून जिची बोटं हिरवी पडलेली असतात, मुलीच्या शाळेपलीकडे जी एकटी कधी गेली नाही, तिच्याबद्दल मी असं बोललो. आज लिहितानाही हात अडतो.

अर्ध्या तासानं निकाल आला. एचआयव्ही नाही. गरमी आहे. माझा जीव इतका हलका झाला की मी मूर्खासारखा हसलो. ताई हसल्या नाहीत. इंजेक्शननं हा आजार पूर्ण बरा होतो, एचआयव्ही तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचा, तोवर घरी संबंध नकोत, आणि मुख्य म्हणजे बायकोला घेऊन या, असं त्यांनी सांगितलं. "त्यांना लागलं असेल तर त्यांना कळणारही नाही. त्यांना काय ते तुम्ही सांगता का मी सांगू?"

"तुमीच सांगा," मी म्हणालो.

हाताच्या कातडीत थोडंसं टोचून बघितलं, रिॲक्शन आली नाही, मग दोन्ही कुल्ल्यांवर इंजेक्शनं दिली. परतीच्या एसटीत मी कारंज्यापर्यंत दांडीला धरून उभा होतो. कंडक्टरनं सीट दाखवली तरी बसलो नाही.

ताटानं आणि पेल्यानं हा आजार लागत नाही, हे ताईंनी मला दोनदा सांगितलं होतं. तरी घरी आल्यावर मी माझं ताट वेगळं केलं, पेला वेगळा केला, टॉवेल वेगळ्या खुंटीवर टांगला. ज्या माणसानं जन्मात जेवल्यावर ताट उचललं नाही, तो नळावर बसून राखेनं ताट घासू लागला. पोरगी माझ्या ताटात जेवायची, तिला उठवलं. माय म्हणाली, "काऊन रे, बायकोवर रुसून राह्यला का?"  बायको मी घासलेलं ताट रोज उचलून पुन्हा सगळ्यांच्या ताटांत ठेवायची, आणि मी ते पुन्हा बाजूला काढायचो. असं चार दिवस चाललं.

पाचव्या दिवशी मी तिला सांगितलं की डॉक्टर म्हणतात, फवारणीचं विष घरातल्यांच्या रक्तातही जातं, तुझंही रक्त तपासावं लागेल. हे मला सुचलं याचा त्या वेळी मला अभिमान वाटला होता.

ती भाजी निवडत होती. हात थांबला. "मंग पोरीलेही नेऊ ना. तेही येते वावरात."

"तिले नाई लागत."

"काऊन नाई लागत? लहान जीव, तिलेच आधी लागन."

"नाई म्हटलं ना!" मी ओरडलो. माझ्या घरात मी खोटं बोलतो तेव्हाच आवाज चढतो. ती यायला तयार झाली, पण एसटीत दोन तास तिच्या मनात पोरगीच होती. सेलूच्या पुढे तिनं विचारलं, "तिच्या हातावर परवा पुरळ दिसली होती, तुमी पाह्यली का?" डासांनी चावलेलं होतं ते, मला माहीत होतं. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

केंद्रात बाकावर तिघं जण होते. दोन तरुण मुलं, एक म्हातारा. ताईंनी बायकोला आत बोलावलं आणि मला बाहेर बसायला सांगितलं. मी बाकाच्या टोकाला बसलो. आडपडद्याच्या वरच्या फटीतून आतला पंखा दिसत होता, आणि आतलं सगळं ऐकू येत होतं. त्या तिघांनाही ऐकू येत होतं, कारण मोबाइल पाहणाऱ्या मुलांची बोटं थांबली होती.

"ताई, कशाची तपासणी आहे माहीत आहे ना?" ताईंनी तिला विचारलं.

"हाव. फवारणीच्या औषधाची."

  मग ताईंनी हळू आवाजात, सोप्या शब्दांत तिला सगळं सांगितलं. आजार काय, कसा लागतो, कशानं बरा होतो, आणि कशाची तपासणी हे न सांगता रक्त घेता येत नाही.

"यायले झाला?" तिचा आवाज.

"हो. त्यांनीच तुम्हाला सांगायला सांगितलं."

 म्हातारा खोकला, मला वाटलं मुद्दाम.

"ताई, आता मी एक विचारते, राग मानू नका. लग्नाआधी किंवा नंतर, तुमचा दुसऱ्या कुणाशी संबंध आला होता?"

"नाई."

"कुणी जबरदस्ती केली होती? मनात भीती असेल तरी सांगा. इथून बाहेर जात नाही."

"नाई जी. कोणी नाई."

मी दोन्ही हातांनी बाकाची कड धरली. ताई इतक्या खोदून का विचारत होत्या हे त्या अख्ख्या इमारतीत मला एकट्यालाच ठाऊक होतं. माझ्या कागदावरच्या त्या एका वाक्यामुळे विचारत होत्या. मला ताईंचा राग आला. खरंच आला, आत जाऊन टेबल उलथावं इतका. स्वतःवरचा राग माणूस किती पटकन दुसऱ्याच्या अंगावर टाकतो.

"हे यायले इचारलं?" बायको म्हणाली.

"विचारलं."

"काय सांगतलं यायनं?"

"ते मी नाही सांगू शकत, ताई. ते त्यांनीच सांगायला हवं."

"म्हणजे नाई म्हणाले." ती थांबली. मग अगदी साध्या आवाजात, घरातलं मीठ संपलं हे सांगावं तसं म्हणाली, "मंग उरली मीच."

मी उठलो. धैर्यानं उठलो असं म्हणणार नाही. त्या वाक्यानंतर तिथे बसणं जमलं नाही, एवढंच. दार ढकलून आत गेलो. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, पदर दोन्ही मुठींत धरून.

"ताई, मी खोटं सांगतलं होतं," मी म्हणालो. "मी गेलतो. संत्र्याच्या गाडीवर गेलतो तवा. हिचं काही नाई."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही. ताईंनाच विचारलं, "अन् माह्याबद्दल काय बोलले होते हे?"

 ताईंनी माझ्याकडे पाहिलं. ते माझ्याच तोंडून यायला हवं होतं.

"तिचं मी कसं सांगू, म्हटलं," मी म्हणालो. "मी वावरात असतो, म्हटलं."

ती टेबलाकडे पाहत होती. रडेल असं वाटलं, रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मग ती म्हणाली, "ताई, ते खोडा." ताईंनी माझा कागद काढला, त्या ओळीवर रेघ मारली आणि मी आता सांगितलेलं वर लिहिलं. बायकोनं ते वाकून वाचलं, शेवटपर्यंत. त्यानंतर तिनं दंड पुढे केला. "घ्या रक्त."

एचआयव्ही नव्हता. गरमी होती. तिलाही दोन इंजेक्शनं दिली, संध्याकाळी ताप येईल, घाबरायचं नाही, असं सांगितलं. बाहेर पडताना तिला चालताना त्रास होत होता. मी हात पुढे केला तर तिनं पिशवी त्या हातात दिली. एसटीत ती दुसऱ्या एका बाईशेजारी जाऊन बसली.

ताप आला. दिवेलागणीला ती पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून निजली होती. माय दारात बसून लसूण सोलत होती. पोरगी शेजारी खेळायला गेली होती.

"काय निंगालं वं तुह्या रक्तात?" मायनं विचारलं.  "सकाळी चांगली गेली, अन् हे काय घेऊन आली? हिच्या माहेरच्याइचंच अंग तसं. तिच्या मावशीलेही असंच काही झालतं."

पांघरूण हललं नाही. ती काही बोलणार नव्हती हे मला कळलं. माझी बाजू घेणार नव्हती आणि स्वतःचीही नाही. फवारणीचं, असं म्हटलं असतं तर माय गप्प बसली असती. शब्द तयारच होता. माझ्या मायसमोर मी आयुष्यात कधी शिवीसुद्धा दिलेली नाही, आणि आता तिला हे सांगायचं होतं.

"तिचं काही नाई, माय," मी म्हणालो. "आजार माहा हाय. संत्र्याची गाडी घेऊन गेलतो तवा मी बाईकडे गेलतो. तठून आणला. तिले माह्यापासून लागला."

मायच्या मांडीवरून लसणाच्या पाकळ्या खाली सांडल्या. तिनं माझ्याकडे नाही, शेजारच्या घराकडे पाहिलं. "हळू बोल ना बापा," ती कुजबुजली. "लोक आयकतीन."

"आयकू द्या, आई." पांघरुणातून आवाज आला, तापानं घोगरा झालेला. "मले तठी तिघा-चौघाइसमोर इचारलं."

मी तेच पुन्हा सांगितलं. मायनं सांगूनही आवाज खाली घेतला नाही.