सासूच्या अंगावरचं ताक

आटपाट नगर होतं, तमिळ मुलखातलं, वेलचेरी त्याचं नाव. तिथं पाटणकर सर होते, लेंका होती, आणि त्या दोघांच्या तावडीत सापडलेली मी होते. गोष्टी गोळा करणाऱ्यांच्याच गोष्टी फार साठतात बघा! पावसात आमच्या तळमजल्यावर पाणी साठतं तशा. उपसाव्याच लागतात.

सर बँकेतून रिटायर झालेले. सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी मराठीचा वर्ग घेतात. लेंका चेक देशाची, नवरा जवळच पेरुंगुडीत एका कंपनीत. तिला लोककथांचं वेड. आणि माझी नात अनघा, वय नऊ. मैत्रिणींशी तमिळ, आईबापाशी इंग्लिश, मराठीत फक्त "नको". तिच्या तोंडून एक अख्खं मराठी वाक्य ऐकायचं, एवढ्या लोभानं मी या दोघांना गोष्टी सांगायला बसले.

*

लेंका म्हणाली, "आजी, दोनशे वर्षांपूर्वी आमच्याकडे शिकलेले लोक जर्मन बोलायचे. आमची भाषा स्वयंपाकघरात आणि गोठ्यात. मग मास्तर लोक खेड्यापाड्यांत गेले, म्हाताऱ्यांकडून गोष्टी लिहून घेतल्या, शाळेत शिकवल्या. भाषा जगली!"

सर उसळले, "आपणही हेच करायचं!"

मी विचारलं, "त्या म्हाताऱ्यांची नावं छापली का गं?"

लेंका म्हणाली, "छापली ना. 'एक म्हातारी'."

*

पहिली गोष्ट धाकट्या सुनेची. सासू छळते, माहेर उरलेलं नाही, म्हणून ती नदीलाच माहेर मानते. एक दिवस असह्य होऊन सासूच्या अंगावर ताक ओतते.

सर म्हणाले, "मावशी, मुलं ऐकणार. 'सासूला ताक दिलं' म्हणूया."

"अहो, मग सासू चिडली कशाला? आंबट होतं म्हणून?"

लेंका हसली. "आमच्या मास्तरांनीही हेच केलं. पुस्तकात गेल्यावर आमच्या सगळ्या बायका एकदम गुणी झाल्या!"

*

सरांनी पालकांना मातृभाषेवर तासभर सुनावलं. एक बाबा भारावून उठले, "एक्झॅक्टली सर! वी मस्ट स्पीक मराठी ॲट होम!"

टाळ्या! तेवढ्यात सरांना नातवाचा फोन.

"यस बेटा, दादू इज इन अ मीटिंग."

*

लेंकाचं मराठी सगळं माझ्या गोष्टींतलं. लिफ्टमध्ये पुण्याचं नवं जोडपं भेटलं, तर म्हणते, "कोण्या गावचे पाहुणे? दमलात, भागलात, पाय धुवा!"

जोडपं तिसऱ्याच मजल्यावर उतरून गेलं.

*

एका रविवारी सरांनी अनघाला वर्गात उभं केलं. "गोष्ट सांग."

"नको."

सर मला हळूच म्हणाले, "मावशी, हिचं अवघड आहे." त्या दुपारी मला जेवण गेलं नाही.

संध्याकाळी सर आणि लेंका माझ्या गोष्टी रेकॉर्ड करायला घरी आले, तर दाराबाहेर जिन्यात अनघा शेजारच्या मैत्रिणीला, कयलला, गोष्ट सांगत बसलेली. धाकट्या सुनेची! ताक पार डोक्यावरून ओतलं. पण सगळं तमिळमध्ये.

"तमिळ?" सर कळवळले. लेंकानं त्यांना डोळ्यांनी दटावलं.

माझ्या गोष्टीत शेवटी नदी दारात येते आणि सुनेला माहेरी घेऊन जाते. अनघाची नदी दुसऱ्या मजल्यापर्यंत चढली आणि सासूलाच घेऊन गेली!

माझ्यानं राहवेना. "अगं, नदी सुनेला नेते!"

आत स्वयंपाकघरात माझी सूनबाई खुदकन हसली.

अनघा कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली. "तू गप गं आजी! ही माझी गोष्ट आहे, आणि माझ्या गोष्टीत नदी सासूलाच नेते!"