मातीपुरती जागा

वैदेही गेल्याचा तिच्या नवऱ्याचा, संदीपचा, फोन आला तेव्हा मी मिशिगनमध्ये, ॲन आर्बरच्या बसमध्ये होते. "गेली गं," एवढंच तो म्हणाला. मी पुढच्याच स्टॉपवर उतरले आणि बर्फात तशीच उभी राहिले... संध्याकाळी तिच्या विद्यापीठाच्या कलाविभागाची ईमेल आली. 'आमच्या स्टुडिओ-परिवारातली लाडकी सदस्य' असं तिच्याबद्दल लिहिलं होतं. मला रडू येण्याआधी संताप आला. आठवडे उलटले तरी तो शमलेला नाही, तेव्हा या लेखात कुणी गोडवा शोधू नये.

वैदेही नागपूरची. आयटीतली नोकरी सोडून ती सिरॅमिक्सच्या मास्टर्सला गेली तेव्हा आमच्या मराठी मंडळाने तिला वेड्यात काढलं. तिला त्याचं काही नव्हतं. बेसमेंटमधल्या स्टुडिओत प्लायवुडच्या आडोशाला तिचा एक कोपरा होता. ना खिडकी, ना धड उजेड. पण सिंक होतं, शेजारी भट्टी होती आणि ओलं काम कुणी हलवत नव्हतं. तिथे ती कमरेएवढे रांजण घडवायची, थरावर थर चढवत, आठवडेच्या आठवडे. मग काचेची नवी इमारत झाली. बेसमेंट बंद झालं आणि विद्यार्थ्यांना ढकलत न्यायची, चाकं लावलेली टेबलं मिळाली. रोज जे रिकामं असेल ते घ्यायचं. ॲडमिशनच्या टूरवर आलेले पालक हौसेने फोटो काढायचे. "लॅपटॉप ठेवायला ठीक आहे यार," वैदेही म्हणाली, "पण रांजण काय रोज बॅकपॅकमध्ये घालून घरी नेऊ?" भांडभांडून तिने जिन्याखालची जागा मिळवली.

मग कॅन्सर निघाला. तिने सुट्टी घेतली, आणि सुट्टीवरच्या विद्यार्थ्याची जागा राखून ठेवत नाहीत असा नियमही निघाला. तिचा अर्धा झालेला रांजण मी आणि संदीपने उचलून त्यांच्या गॅरेजमध्ये आणला. "वाळू देऊ नकोस हं. बरी झाले की वरचा भाग करणार आहे," तिने त्याला बजावलं. वाळलेल्या मातीवर नवा थर धरत नाही. बिचारा कोड लिहिणारा माणूस, रोज नेमाने पाणी मारून प्लॅस्टिक गुंडाळायचा. मिशिगनच्या थंडीत ओली माती गोठते आणि फुटते, हे त्याच्या गावीही नव्हतं. जानेवारीत रांजणाचे पापुद्रे सुटले. हॉस्पिटलमध्ये आम्ही ठरवून खोटं बोललो. "रांजण मस्त आहे," मी म्हणाले. तिने संदीपकडे पाहिलं. "गॅरेजमध्येच आहे ना? मग फुटला असणार... असू दे, तुला कसं कळणार." त्यानंतर तिने कामाचा विषय काढला नाही.

परवा विभागातून विचारणा झाली. लॉबीतल्या काचेच्या कपाटात वैदेहीची आठवण म्हणून तिचं एखादं काम ठेवायचं होतं. कपाटाला जागा होती म्हणजे! मी नको म्हणत होते. संदीप म्हणाला, "तिचं शेवटचं काम आहे गं, दिसू दे चार लोकांना." आम्ही तुकडे टबात भरून नेले. तिथल्या बाई फार गोड बोलल्या. कच्ची माती लॉबीत चालत नाही, धूळ होते. भाजून आणलीत तर जरूर ठेवू. मी त्यांच्याच भट्टीबद्दल विचारलं, तर ती फक्त सध्याच्या विद्यार्थ्यांसाठी आहे म्हणाल्या.

आम्ही टब परत गाडीत ठेवला. घरी आल्यावर मी सवयीने गॅरेजचं दार उघडलं.

"तिथे नको," संदीप म्हणाला. सोफा सरकवून त्याने हॉलमध्ये जागा केली, टब ठेवला, आणि मातीवर पाणी मारायची बाटली आणायला आत गेला.