पुंजाबाबांच्या वाट्याची नागली

पेठ तालुक्यातल्या त्या पाड्यावर पुंजाबाबांइतका निवांत माणूस मी दुसरा पाहिला नाही. कोणतंही काम सांगा, उत्तर ठरलेलं: "व्हईल की." त्यांच्या पत्नी भागीबाई मात्र दोघांचं काम एकटीने उरकणाऱ्या आणि उरकता उरकता नवऱ्याचा उद्धार करणाऱ्या.

मी नाशकातल्या इंदिरानगरची, ड्रोन उडवते. ड्रोनला टांगलेला सेन्सर पिकावरून परतणारा प्रकाश शेकडो छटांत मोजतो. आजारी झाडाचा प्रकाश वेगळा येतो, पण तो ओळखायला सेन्सरला आधी खरं आजारी झाड दाखवावं लागतं. पुंजाबाबांच्या नागलीवर, म्हणजे नाचणीवर, करपा पडला होता. मी रोप न् रोप पाहून खुणा केल्या आणि निघताना म्हटलं, "मावशी, पुढच्या आठवड्यात रानाचा फोटो काढायला येते."

तिथेच घोळ झाला. फोटो म्हटल्यावर माणूस तोंड धुतो, केस विंचरतो. भागीबाईंनी रान नटवलं. मी पोचले तेव्हा करपलेली रोपं उपटून बांधापलीकडे टाकलेली, आणि बाई कौतुकाची वाट पाहत उभ्या.

"आता काढ. कसं गोजिरं दिसतं बघ."

सेन्सर पुण्याहून त्या एका दिवसापुरता मिळालेला, आणि वर्षभराचा अभ्यास याच रोपांवर उभा. मला चक्क रडू येत होतं, पण त्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहून ड्रोन बाहेर काढला. मग त्या म्हणाल्या, "वरल्या अंगाला तेवढं फिरवू नको. ते यांच्या वाट्याचं. कवापासून सांगते, अजून हात नाय लावला."

मी वर धावले. करपा जागच्या जागी, माझ्या खुणांसकट. पुंजाबाबा बांधावर तंबाखू मळत बसलेले. मला पाहून जरा ओशाळले. "व्हईल की संध्याकाळपर्यंत."

"बाबा, अजिबात हात लावू नका," मी म्हटलं आणि ड्रोन सोडला. इतका आनंद मला त्या वर्षात दुसऱ्या कशानेच झाला नव्हता.

अहवाल तयार झाला तेव्हा आभाराच्या पानावर त्यांचं नाव घालायचं ठरवलं. पाड्यावर जाऊन विचारलं, "बाबा, तुम्ही काय काम केलं म्हणून लिहू?"

भागीबाई चुलीपुढून म्हणाल्या, "लिही, काय केलं नाय. खोटं कशाला लिहायचं?"

पुंजाबाबांनी समाधानाने मान डोलावली. मी तसंच लिहिलंय.