सुईताईंची आठ गिअरची सायकल

कल्पना करा, तुमच्याजवळच्या चौकोनी पिशवीत चार घरांतल्या माणसांचं रक्त आहे आणि समोर लिफ्टचं दार उघडं आहे. आत एक बाई कुत्र्याला धरून, तुमच्यासाठी बटण दाबून थांबल्या आहेत. त्यांचा धीर सुटायच्या आत तुम्हाला सायकलची घडी घालायची आहे. पिशवी काढून खांद्याला लावा. सीट खाली. मधल्या बिजागरीची खीळ ओढून कळ उलटा, मागचं चाक पुढच्याजवळ आणा आणि शेवटी हँडलचा दांडा बाजूला पाडा. क्रम चुकला की पेडल नडगीवर बसतं. कुत्रं भुंकतं ते वेगळंच.

सुईताई हे दिवसातून कितीतरी वेळा करतात. एका लॅबसाठी त्या घरोघरी जाऊन तपासणीचं रक्त काढतात. त्यांना पाहून दारामागे लपणाऱ्या पोरांनी ठेवलेलं हे नाव आता मोठ्यांच्याही तोंडी बसलं आहे. सायकल खाली ठेवली तर परत मिळेलच असं नाही, म्हणून घडीची.

त्यांची पहिली सायकल तीन गिअरची, लोखंडी. नवरा तिला "तुझी म्हैस" म्हणायचा. गिअर मागच्या चाकाच्या पोटात बंद, त्यामुळे साखळीची कुरकुर नाही. मागचं चाक धरणारा त्रिकोण मुख्य सांगाड्याला टेकायचा तिथे मुठीएवढा रबराचा ठोकळा होता. खड्डा आला की तो दबायचा. पिशवी हँडलला पट्ट्यांनी लटकत असे आणि झोपाळ्यासारखी हलत असे. चढावर मात्र सुईताईंचा जीव मेटाकुटीला यायचा.

मग बिजागरीजवळ तडा गेला. दुकानातला मेकॅनिक म्हणाला, "ताई, वेल्डिंग करून देतो. पण एक दिवस तुम्ही एका रस्त्याने जाल आणि मागचं चाक दुसऱ्या." त्या मापाचा भाग आता निघत नव्हता. कंपनी जुनी परत घेऊन नवी देत होती. सुईताईंनी म्हैस दिली.

नवी सायकल आठ गिअरची, ॲल्युमिनियमची. घडी केल्यावर दोन्ही चाकं लोहचुंबकाने चिकटतात आणि ती ट्रॉलीसारखी ओढत नेता येते. पिशवी पुढच्या सांगाड्यावरच्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात खट्कन बसते, तसूभर हलत नाही. टायर अरुंद, हवा दगडासारखी घट्ट. आणि मागचं रबर गायब. ते असताना पेडल मारलं की सायकल डुलते, ताकद वाया जाते, अशी गिऱ्हाइकांची तक्रार होती. कंपनीने तक्रार ऐकली.

सुईताई खूश होत्या. "चढावर मला आता गाणं सुचतं," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत संपव म्हणजे झालं," तो म्हणाला. "सुई घेऊन गाणाऱ्या बाईला कोण दार उघडेल?"

लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या यंत्रात गरागरा फिरवणारा एक तंत्रज्ञ आहे. सगळे त्याला फिरकीवाला म्हणतात, आणि तो येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकीही घेतो. नळी फिरली की पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं. एका सकाळी त्याने सुईताईंची नळी उजेडात धरली.

"काय सुईताई, आज सरबत आणलंत?"

"का रे?"

"वरचं पाणी गुलाबी आहे. पेशी फुटल्यात. शिरेत सुई फिरवत बसलात की काय?"

त्या हसल्या. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा म्हणाला, तेव्हा हसल्या नाहीत. पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्टमधला आकडा फुगतो, हे लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं. आणि पेशी कशाने फुटतात याचं सगळ्यांचं पहिलं उत्तर एकच, काढणाऱ्याचा हात.

लॅबच्या मॅडमनी त्यांना खुर्चीवर बसवलं, हेच वाईट लक्षण होतं. "ताई, वय सगळ्यांचं होतं. तुम्ही आता काउंटर सांभाळता का?"

सुईताईंच्या आईचा हात याच वयात थरथरायला लागला होता. आधी बटण लावताना, मग घास उचलताना. मॅडम बोलल्या त्या दिवसापासून सुईताई स्वयंपाकघरात काठोकाठ भरलेला पेला धरून उभ्या राहू लागल्या. पाणी हलतंय का? नवऱ्याने पाहिलं. "पाण्याची कसली परीक्षा घेतेस? चहा टाक." मग त्याने स्वतःच गुपचूप चहा टाकला.

अशातच घड्याळवाल्या आजोबांचं झालं. हे म्हातारे आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत आले. आता मूत्रपिंड अधू, म्हणून दर महिन्याला तपासणी. रक्त देताना ते सुईताईंच्या बोटांकडे बघत म्हणायचे, "तुम्हाला मी माझ्या टेबलावर बसू दिलं असतं." त्या महिन्यात त्यांचं पोटॅशियम फार वर आलं. खाली बारीक अक्षरात "नमुना किंचित लालसर" असंही होतं, पण एवढा मोठा आकडा दिसल्यावर बारीक अक्षरं कोण वाचतो? मुलाने त्यांना लगोलग रुग्णालयात नेलं. ते घरी परतले, पण आता भिंत धरून चालतात. मुलाने लॅबला सांगितलं, पुढच्या वेळी दुसरं कोणीतरी पाठवा.

एके दिवशी सायकल पंक्चर झाली आणि सुईताई बसने फिरल्या. सगळ्या नळ्या स्वच्छ. दुसऱ्या दिवशी सायकल, आणि पुन्हा गुलाबी. त्या सायकलवरून उतरल्या तेव्हा तळव्यांना मुंग्या आल्या होत्या. त्यांनी ठोकळ्यातल्या पिशवीवर हात ठेवला. हलत नव्हती ती, हे बरोबर. पण रस्त्याचा प्रत्येक दणका चाकातून सांगाड्यात आणि सांगाड्यातून थेट तिच्यात जात होता. मध्ये दबायला काही उरलंच नव्हतं.

घरी येऊन त्यांनी नवऱ्याची बाही वर केली.

"इतकी वर्षं लपून रक्त प्यायलीस, आता उघड उघड?" तो डोळे मिटून म्हणाला.

एकाच टोचणीत दोन नळ्या. एक सायकलवरच्या पिशवीत, दुसरी नवऱ्याच्या खिशात, बसने. फिरकीवाल्याने दोन्ही एकत्र फिरवल्या. सायकलवरची गुलाबी, खिशातली पिवळी. आधी भरलेली नळी खराब होत असेल, अशीही शंका घेता येते. म्हणून नवऱ्याने दुसरा हात पुढे केला आणि त्यांनी नळ्यांचा क्रम उलटा केला. उत्तर तेच आलं.

"म्हणजे हात नाही," फिरकीवाला म्हणाला. त्या दिवशी त्याने फिरकी घेतली नाही. सुईताई स्टुलावर बसल्या आणि पदराने डोळे पुसत राहिल्या.

मॅडमनी काउंटरचा विषय पुन्हा काढला नाही. पिशवी आता चालवतानाही खांद्यावर असते, तिच्यात स्पंज आहे, टायरची हवा कमी केली आहे. मेकॅनिकला सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, तक्रार डुलण्याची होती. रक्ताची कोणी केलीच नव्हती."

पण हात चांगला ठरल्याचं सुख त्यांना पुरलं नाही. त्या आजोबांच्या घरी गेल्या. मुलाने दार अर्धवटच उघडलं.

"त्या दिवशीचा नमुना माझ्या सायकलमुळे बिघडला असेल," त्या म्हणाल्या.

"असेल? सलाइन, सुया, आठवडाभर खाटेवर, आणि तुम्ही म्हणता असेल?"

"रुग्णालयात पोटॅशियम उतरवायचं औषध द्यायच्या आधी पुन्हा रक्त घेतलं होतं का?"

 मुलाला आठवत नव्हतं. तिथे लॅबचा आकडा बघूनच धावपळ सुरू झाली होती. नंतरचा आकडा सरळ आला, पण तो औषध गेल्यावरचा. आतून आजोबांनी कोण आहे म्हणून विचारलं. "कोणी नाही, बाबा," म्हणत त्याने दार लोटलं.

फिरकीवाला त्यांची समजूत घालतो. अधू मूत्रपिंडाच्या माणसाचं पोटॅशियम खरोखरही चढतं. कदाचित त्या औषधानेच म्हातारा वाचला असेल. कदाचित नसेलही. ती नळी केव्हाच टाकून दिली आहे. सुईताई ऐकून घेतात, खांद्याची पिशवी सारखी करतात आणि त्याला पुन्हा तेच विचारतात, "पण त्या दिवशी आजोबांच्या अंगात खरोखर किती होतं रे?"