एम्नाला घट्ट धरणारे हात

ट्युनिशियातल्या सफाक्स शहरात आमच्या शेजारी मब्रूका राहायची. लग्नघरी लागणारी बदामाची मिठाई ती करून द्यायची. तिची एकुलती एक लेक एम्ना आधी चुरुचुरु बोलायची. मग तिचा एकेक शब्द गळत गेला, आकड्या येऊ लागल्या. दोष जन्मापासूनच जनुकात होता.

संशोधन करणारे डॉक्टर शादली एकदा तिच्या घरी आले, सगळ्यांबरोबर कुसकुस जेवले. मेंदूच्या दाराशी पहारा असतो, तो साध्या औषधाला आत सोडत नाही, असं त्यांनी समजावलं. चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत निरोगी जनुक भरून ते आत पोहोचवायचं, अशी त्यांची खटपट होती. त्यासाठी एम्नाच्या कातडीचा तुकडा हवा होता, आणि पाठीच्या कण्यातलं पाणी, वरचेवर. "पहिलं औषध एम्नालाच," असा शब्द त्यांनी दिला. सुई दिसली की पोर किंचाळायची, आणि मब्रूका तिला घट्ट धरून ठेवायची.

औषध उंदरांना लागू पडलं. माणसांवरची चाचणी परदेशात सुरू झाली, हे मब्रूकाला रेडिओवरून कळलं. ती तडक दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी आढेवेढे घेतले नाहीत. एम्नाच्या मेंदूतला आजार फार पुढे गेला होता. तिला घेता येणार नाही हे त्यांना दोन वर्षांपासून माहीत होतं.

"मग सुया का टोचत राहिलात?"

"पाणी लागत होतं, मब्रूकाबाई. खरं सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता."

"आले असते की नाही, ते माझं मला ठरवू द्यायचं होतंत."

घरी येऊन ती मला म्हणाली, "औषध नाही मिळालं, ते नशिबावर ढकलेन गं. पण तिला धरून ठेवायला त्यांनी माझेच हात वापरले."

त्याच हिवाळ्यात एम्ना गेली.

पुढे मब्रूकाच्या धाकट्या बहिणीच्या, नजीबाच्या, तान्ह्या मुलात तोच दोष निघाला. या बाळाला औषध देता येईल, असा डॉक्टरांनी निरोप पाठवला. नजीबाला वाटलं, ताई आडवी येईल. पण मब्रूका स्वतः तिच्यासोबत गेली, आणि काय होईल, काय होणार नाही, हे सगळं डॉक्टरांकडून तोंडावर वदवून घेतल्याशिवाय तिने बहिणीला सही करू दिली नाही.

नजीबाचा मुलगा आता "खाला, खाला" करत मावशीच्या मागे फिरतो. मब्रूका त्याला जीव लावते. नजीबा कधी डॉक्टरांना दुवा देऊ लागली, की मब्रूका उठून स्वयंपाकघरात जाते.